तालीसपत्राच्या पोत्यात नेमके कोणते पान?

कास, श्वास व अरुची या विकारांत तालीसादी चूर्ण न वापरणारा वैद्य विरळाच. शार्ङ्गधरोक्त प्रमाणानुसार या चूर्णाच्या ४८ भागांत तालीसपत्राचा वाटा अवघा एक भाग आहे. तथापि योगाला नाव मिळाले आहे ते त्याच द्रव्यावरून. हे द्रव्य फार्मसीत येते तेव्हा बिलावर ‘तालीसपत्र’ एवढाच शब्द असतो. तो शब्द पुरेसा नाही, हे मांडण्याचा येथे हेतू आहे.

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने तालीस म्हणून अ‍ॅबीज वेबियानाची पाने स्वीकारली आहेत. हे पान सुईसारखे अरुंद व चपटे असते. त्याचे टोक किंचित दुभंगलेले असून खालच्या बाजूस मध्यशिरेच्या दोन्ही अंगांना पांढरट पट्टे असतात. बंगाल व उत्तर भारतात याच नावाने टॅक्सस, म्हणजे हिमालयातील थुनेर, विकला गेला आहे. त्याचे टोक अणकुचीदार असते व पांढरे पट्टे नसतात. त्यातील टॅक्सीन हृदयास घातक आहे. शिवाय १९९५ पासून हिमालयीन टॅक्सस ‘साइटिस’च्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

तिसरा दावेदार एरिकेसी कुलातील ऱ्होडोडेंड्रॉन अँथोपोगॉन हे सुगंधी झुडूप होय. तिबेटी वैद्यकात त्यास ‘दालिस’ म्हणतात. नावाचे हे साम्य बोलके आहे. नेपाळात ते ‘सुनपाती’ या नावाने धूपासाठी प्रसिद्ध आहे. खरी अडचण येथूनच सुरू होते, कारण त्याच उंचीवर त्याचे सगोत्र बांधवही वाढतात आणि संकलक ते एकाच पिशवीत भरू शकतो.

फुलावर असताना भेद सोपा आहे. अँथोपोगॉनचे फूल पांढरट, पिवळसर वा गुलाबी व अरुंद नळीचे असून पाच ते आठ पुंकेसर नळीतच दडलेले असतात. लेपिडोटमचे फूल उघड्या तोंडाचे असून त्याचे आठ ते दहा पुंकेसर बाहेर दिसतात. परंतु फार्मसीत येते ते वाळलेले पान. तेव्हा पानाची खालची बाजू हाच पुरावा. अँथोपोगॉनच्या अंडाकृती पानाखाली तांबूस-तपकिरी खवल्यांचा दाट थर असतो. लेपिडोटमच्या पानाखालील खवले फिकट असतात. सेटोसमचे पान लहान असून कोवळ्या फांदीवर व पानाच्या कडेला राठ केस असतात. कॅम्पॅन्युलेटमचे पान हाताच्या बोटाएवढे वा त्याहून लांब असून त्याखाली खवले नसतात, तर नमद्यासारखी तपकिरी लव असते. केवळ रंग पाहणाऱ्यास ही लव आणि अँथोपोगॉनचे खवले सारखेच वाटतील. दहापट भिंगाखाली मात्र फरक तत्काळ कळतो. गंधावर विसंबणेही धोक्याचे, कारण खवलेदार जातींपैकी अनेक सुगंधी आहेत.

हा केवळ वनस्पतिशास्त्राचा कीस नव्हे. ऱ्होडोडेंड्रॉनच्या अनेक जातींत ग्रेयानोटॉक्सिन असते. ते पेशींतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. परिणामी वांती, भ्रम, नाडीमांद्य व रक्तदाब उतरणे ही लक्षणे उद्भवतात. त्याचे प्रमाण जातीपरत्वे बदलते. कॅम्पॅन्युलेटमची पाने गुरांना बाधक म्हणून ज्ञात आहेत. ‘अठ्ठेचाळिसातील एका भागाने काय होणार?’ असे काही बंधू विचारतील. पण तेच पोते इतर योगांतही जाते, आणि तालीसादी चूर्ण आपण बालकांना व वृद्धांनाही देतो. नाडीमांद्य व रक्तदाबासाठी आधुनिक औषधे घेणारे वृद्ध रुग्ण आपल्याकडे रोज येतात, हेही विसरू नये.

प्रतिनिधी द्रव्याची परंपरा आपल्या शास्त्रास मान्य आहे. परंतु प्रतिनिधी हा जाणून, सांगून योजलेला असतो. नकळत पोत्यात आलेले पान प्रतिनिधी नव्हे, ती भेसळच. अँथोपोगॉनचे गुण कोणास पटत असतील तर त्याने ते त्याच्याच नावाने अभ्यासावे व वापरावे.

महाराष्ट्राच्या वनांत ऱ्होडोडेंड्रॉन नाही. त्यामुळे आपल्या बहुसंख्य पदवीधरांनी ते जिवंत पाहिलेले नसते. म्हणून फार्मसी मालकांना विनंती की, तालीसपत्राचा चुरा घेऊ नये, अखंड पानच घ्यावे. प्रत्येक खेपेतून मूठभर पाने काढून भिंगाने पाहावीत, नमुना तारखेसह जपून ठेवावा आणि शंका आल्यास माल परत करावा. शेड्यूल ‘टी’नुसार कच्च्या मालाची नोंद आपण ठेवतोच, त्या नोंदीत वनस्पतीचे शास्त्रीय नाव पाहून लिहावे, बिलावरून उतरवू नये. वैद्यबंधूंनीही चूर्ण विकत घेताना एकदा विचारावे, “यातील तालीस कोणता?” हा प्रश्न वारंवार विचारला गेला, तर व्यापाऱ्यासही उत्तर शोधावे लागेल.