नंबर चौदावा, पण किती वाजता?

दवाखान्यात नंबर लावला की रुग्णाला क्रम मिळतो, वेळ मिळत नाही. चौदावा नंबर साडेअकराला लागेल की दीडला, हे कंपाउंडरलाही सांगता येत नाही. त्यामुळे चौदाव्या नंबरचा माणूस पहिल्या नंबरवाल्याबरोबरच येऊन बाकावर बसतो. तालुक्याच्या गावांपासून शहरांच्या उपनगरांपर्यंत फॅमिली डॉक्टरांचे असंख्य दवाखाने आजही असेच चालतात. तिथल्या ताटकळण्याचा दोष सहसा गर्दीच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा या पद्धतीचा आहे, आणि ती सुधारायला पैसा फारसा लागत नाही.

नंबर घेण्याची सर्वांत जुनी सोय म्हणजे वही. डॉक्टर दहाला येणार असले तरी आठच्या सुमारास शटर अर्धे वर जाते, झाडलोट होते आणि शंभर पानी वही बाहेरच्या टेबलावर येते. पेन कोणी नेऊ नये म्हणून ते सुतळीने टेबलाला बांधलेले असते. येणारा आपले नाव लिहितो. एखादा शेजारच्या आजींचे आणि भावजयीचेही लिहून टाकतो. मग कोणी घरी जाऊन डबे भरतो, कोणी तिथेच बसतो. काही ठिकाणी वहीऐवजी प्लास्टिकचे बिल्ले असतात. काही ठिकाणी फोनवर नाव घेतात, पण ठरलेल्या तासाभरातच, आणि त्या तासात फोन सतत एंगेज लागतो. अलीकडे व्हॉट्सॲपवर नाव पाठवायची सोय झाली आहे. साधन कोणतेही असो, हाती पडतो तो आकडाच.

या आकड्याची किंमत साध्या हिशेबाने काढता येते. समजा, डॉक्टर दहाला बसतात, सकाळी तीस रुग्ण तपासतात आणि प्रत्येकाला सरासरी सहा मिनिटे देतात. काम एक वाजता संपते. तिसांना फक्त नंबर दिलेला असेल आणि सगळे दहालाच आले, तर पहिल्याला थांबावे लागत नाही आणि शेवटच्याला 174 मिनिटे थांबावे लागते. सगळ्यांचे थांबणे मिळून साडेत्रेचाळीस तास होतात, म्हणजे माणशी जवळजवळ दीड तास. डॉक्टर अर्धा तास उशिरा आले तर त्यात आणखी पंधरा तासांची भर पडते. हे तास कोणाच्याही वहीत लिहिले जात नाहीत. रोजंदारीवरच्या बाईचा मात्र अर्धा खाडा त्यातच होतो, आणि शाळेत न गेलेले मूल तापात बाकावर झोपते.

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली आणि जे. डी. वेल्च यांनी 1952 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागातील वेळांच्या आखणीवर लेख लिहिला. डॉक्टरांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून रुग्णांचा ढीग आधीच जमवून ठेवायचा, ही तिथलीही रीत होती. बेलींनी सुचवलेली पद्धत इतकी सोपी आहे की ती वहीच्या पानावरही राबवता येते. सुरुवातीच्या वेळेला दोन रुग्ण बोलवायचे आणि पुढे सरासरी तपासणीला जितकी मिनिटे लागतात, तितक्या अंतराने एकेक. पहिल्याला यायला उशीर झाला तरी दुसरा हजर असतो, त्यामुळे डॉक्टर रिकामे बसत नाहीत. तिसाव्यालाही दहा वाजता यावे लागत नाही. यासाठी वहीत नावापुढे वेळेचा एक रकाना आखावा लागतो, आणि आधी आठवडाभर कंपाउंडरने आत जाण्या-येण्याच्या वेळा टिपून सरासरी काढावी लागते. अट एकच. डॉक्टरांनी वेळेवर बसले पाहिजे, नाहीतर रकान्यातली प्रत्येक वेळ सकाळीच खोटी ठरते.

सगळ्यांना सारखाच वेळ लागत नाही, हा यावरचा रास्त आक्षेप. सर्दी-खोकला चार मिनिटांत उरकतो. नव्याने मधुमेह निघालेल्या माणसाला पंधरा मिनिटेही अपुरी पडतात. त्यात मधून आत जाणारे असतात. दाराशी एकजण पिवळ्या लिफाफ्यात रक्ताचा रिपोर्ट घेऊन उभा राहतो आणि म्हणतो, “फक्त रिपोर्ट दाखवायचाय.” कंपाउंडर त्याला सोडतो. साखर वाढलेली निघते, गोळी बदलावी लागते, पथ्य सांगावे लागते, आणि दोन मिनिटांची दहा होतात. बाहेर बाराव्या नंबरची बाई नुसती दाराकडे बघत राहते. औषध कंपन्यांचे एमआर, ओळखीतले लोक आणि सर्टिफिकेटवर सही हवी असलेला विद्यार्थी यांचीही हीच गत. कोणा एकाचा यात दोष नाही. या कामांना स्वतःची जागा नाही, म्हणून ती दुसऱ्याच्या वेळेत शिरतात. रिपोर्ट दाखवणाऱ्यांसाठी साडेबारानंतरचा अर्धा तास राखला, एमआरना शेवटच्या रुग्णानंतर बोलावले आणि हे ठळक अक्षरांत दारावर लावले, तर रोजची वादावादी बरीच थांबते. नियम लिहिलेला असला की कंपाउंडरलाही नाही म्हणता येते. एरवी त्याच्याकडे डॉक्टरांच्या नावाशिवाय कसलाच आधार नसतो.

इमर्जन्सीची गोष्ट वेगळी. छातीत दुखणारा, धाप लागलेला, झटका आलेले मूल, भळभळ रक्त वाहणारा यांना नंबर नसतो. अशा खुणा बाहेर बसणाऱ्याला ओळखता आल्या पाहिजेत, आणि 108 ला फोन कधी लावायचा हेही त्याला माहीत हवे. वीस-वीस वर्षे काम केलेल्या कंपाउंडरला हे नजरेनेच कळते. नवीन मुलीला कळत नाही, तिला शिकवावे लागते.

सगळ्या वेळा आधीच भरून टाकणे हीही चूक आहे. आजार काही चार दिवस आधी कळवून येत नाही. अमेरिकेत मार्क मरे या डॉक्टरांनी 1990 च्या दशकात उलटी पद्धत मांडली: आजचे काम आज. दिवसातल्या बऱ्याच वेळा मोकळ्या ठेवायच्या आणि त्याच दिवशी फोन करणाऱ्यांना द्यायच्या. ती नीट चालण्यासाठी रोजची मागणी आणि डॉक्टरांची क्षमता जुळावी लागते, आणि तिथेच ती अडखळते. क्षमता कमी पडली की काय होते, हे इंग्लंडमध्ये दिसले. तिथे फॅमिली डॉक्टरांकडे सकाळी आठला फोन उघडताच वेळा संपत असल्याने ‘आठची झुंबड’ हा राजकीय विषय झाला. 2023 मध्ये सरकारने ती संपवण्याची योजना जाहीर केली आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून दवाखान्यांना कामाच्या पूर्ण वेळेत ऑनलाइन विचारणा चालू ठेवणे बंधनकारक झाले. आपल्याकडची गंमत अशी की सकाळी येईल तो त्याच दिवशी तपासला जातो. ही आपल्या दवाखान्यांची खरी जमेची बाजू आहे आणि वेळा देण्याच्या भरात ती घालवू नये. तीसपैकी वीस जागांना वेळ दिली आणि दहा आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी ठेवल्या, तर दोन्ही साधते. आठवडी बाजाराच्या दिवशी हे प्रमाण उलटे करावे लागते. बाजाराला आलेली माणसे त्याच खेपेत दवाखानाही उरकतात, आणि त्यांची वेळ घड्याळापेक्षा परतीच्या एसटीवर ठरते. अशा दिवशी कुठल्या गावची गाडी कधी सुटते हे लक्षात ठेवून नंबर लावणारे कंपाउंडर आहेत. त्यांची ही माहिती कुठल्याही ॲपमध्ये नाही.

ॲपचा उपयोग आहेच. चालू नंबर फोनवर दिसला तर माणूस घरी थांबू शकतो, आणि नंबर जवळ आल्याचा मेसेज आला तर निघू शकतो. पण वही आणि ॲप दोन्ही चालू ठेवून त्यांची एकच यादी केली नाही, तर एकाच वेळेला दोन रांगा तयार होतात आणि बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला वाटते, आपल्याला डावलले. अनेक मोठ्या रुग्णालयांत तिथला क्यूआर कोड स्कॅन करून ‘आभा’ या सरकारी आरोग्य खात्यावरून नोंदणी होते. त्यामुळे केसपेपरची रांग घटते. डॉक्टरांच्या खोलीबाहेरची रांग मात्र तितकीच राहते. घरून बोलण्यासारखे काम असेल तर 2020 पासून ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेवर डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येते. त्याच वर्षी मार्चमध्ये दूरवैद्यकीय सल्ल्याचे नियमही आले. पोट चाचपायचे असेल, छातीला स्टेथोस्कोप लावायचा असेल, तर दवाखानाच गाठावा लागतो.

नाव नोंदवताना “काय होतंय?” असे विचारणे गैर नाही, किती वेळ द्यायचा ते त्यावरूनच ठरते. मात्र ते भरल्या खोलीत मोठ्याने विचारले की पाळीचा त्रास असलेली मुलगी “ताप आहे” असे सांगते, आणि पाच मिनिटांची भेट पंधरावर जाते. कागदाच्या चिठ्ठीवर लिहून घेणे किंवा फोनवर आधीच विचारणे हा यावर पुरेसा उपाय आहे. रुग्णाने डॉक्टरांना विश्वासाने सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणे हे वैद्यकीय आचारसंहितेतले कर्तव्य आहे. ते दाराबाहेरच्या टेबलापासूनच पाळायला हवे.

रुग्णाच्याही बाजूने दोन गोष्टी लागतात. येणे जमणार नसेल तर कळवावे, म्हणजे आयत्या वेळी आलेल्याला ती जागा मिळते. दुसरे, एका नंबरवर तिघांना आत नेऊ नये. “आलोच आहोत तर हिचाही बीपी बघा” याला डॉक्टर नाही म्हणत नाहीत, पण मागच्या सगळ्यांची वेळ ढळते. दोन नावे आधीच लिहिली तर दोघांनाही पुरेसा वेळ मिळतो.

राहता राहिले बीपी आणि मधुमेहाचे नेहमीचे रुग्ण. महिन्याला ठरल्याप्रमाणे येणारे हे लोक बहुधा सोमवारी सकाळीच येतात, कारण रविवारी दवाखाना बंद असतो आणि गोळ्या संपलेल्या असतात. त्याच सकाळी शनिवार-रविवारचे तापही येऊन थडकतात. औषधे लिहून देतानाच फाइलवर पुढची तारीख आणि वेळ टाकली, बुधवार किंवा गुरुवारची दुपार, आणि गोळ्या त्या तारखेनंतरही चार दिवस पुरतील अशा दिल्या, तर सोमवारच्या बाकावरची कितीतरी माणसे कमी होतात.