पाव आवडला, शेजाऱ्याचे काय?

पुण्या-मुंबईच्या बेकऱ्यांत 'कोरियन बन' आता नवलाचा राहिलेला नाही. हाताच्या पंजाएवढा गोल पाव, त्याला वरून सहा पाकळ्या पडतील असे काप, कापांत गोडसर क्रीम चीज. मग तो अख्खा पाव लोणी, लसूण आणि अंड्याच्या मिश्रणात बुडवून पुन्हा भट्टीत. पहिला घास गोड की तिखट, हे जिभेला क्षणभर कळत नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना तो आवडतो. त्यामुळे इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर, कलिंगड आणि कांदाभजी यांच्या शेजारी तो येऊन बसला, तर घरातली वडील मंडळी थोडे नाक मुरडतील आणि मग हळूच एक पाकळी तोडून बघतील. रोजा सोडताना नव्या चवीचे कौतुक जरा जास्तच असते.

दक्षिण कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गांगनुंग शहरात हा लसणीचा पाव गाजला आणि तिथून जगभर पसरला. पण कोरियन बेकरी म्हणजे एवढा एकच पाव नव्हे. तिथे दुकानात शिरले की गिऱ्हाईक एक ट्रे आणि एक चिमटा उचलते आणि फळ्यांवर मांडलेले पाव स्वतः निवडत फिरते. दानपात-प्पांग म्हणजे लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या पात या कडधान्याचे गोड सारण भरलेला मऊ पाव. मराठी जिभेला त्याची ओळख पटायला वेळ लागत नाही, कारण हे पावात घातलेले पुरणच. सोबोरो-प्पांगच्या डोक्यावर लोणी, साखर आणि मैद्याचा खुसखुशीत चुरा असतो. नानकटाई चुरून पावावर थापावी तसा. सोगुम-प्पांग म्हणजे मिठाचा पाव. कणकेच्या पट्टीत लोण्याची कांडी गुंडाळून तो भाजतात. लोणी वितळले की आत पोकळी राहते आणि तेच लोणी खाली उतरून पावाचा तळ कुरकुरीत तळून काढते. इंजलमी-प्पांगवर भाजलेल्या सोयाबीनचे पीठ भुरभुरलेले असते. त्याचा वास आपल्या फुटाण्यांच्या डाळ्याच्या जवळ जाणारा.

या पावांचा मऊपणा हा कोरियन बेकरीचा खास गुण. त्यासाठी अनेक ठिकाणी पिठाचा थोडा भाग आधी गरम पाण्यात शिजवून घेतात आणि मग उरलेल्या पिठात मिसळतात. शिजलेले पीठ पाणी धरून ठेवते, म्हणून पाव दुसऱ्या दिवशीही कोरडा पडत नाही. मोदकांसाठी उकड काढणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही.

नावाची गोष्ट तर याहून जवळची आहे. कोरियन भाषेत पावाला 'प्पांग' म्हणतात. हा शब्द जपानी 'पान'वरून आला आणि जपान्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. पोर्तुगीज 1510 मध्ये गोव्यात आले आणि 1543 मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यांच्या 'पाओ'चा आपल्याकडे पाव झाला आणि तिकडे प्पांग झाला. वडापावातला पाव आणि सोलच्या बेकरीतला प्पांग हे एकाच आईचे दोन मुलगे. एक पश्चिम किनाऱ्यावर वाढला, दुसरा पूर्व समुद्र ओलांडून गेला, इतकाच फरक.

पण पाव कोरियात पोचला तो काही पाहुणा म्हणून नव्हे. पश्चिम किनाऱ्यावरच्या गुनसान बंदरातून जपानी राजवटीत कोरियाचा तांदूळ जपानला जात असे. त्या शहरात जपानी माणसाची बेकरी होती. 1945 मध्ये जपानचा पराभव झाला, जपानी निघून गेले आणि त्याच वर्षी इसोंगदांग ही कोरियन मालकीची बेकरी सुरू झाली. ती आजही आहे आणि तिच्या गोड सारणाच्या पावासाठी लोक रांग लावतात. हा पाव मुळात जपानचा. टोकियोतल्या किमुराया बेकरीने तो 1874 मध्ये बनवला. ज्यांनी तांदूळ नेला त्यांचाच पाव मागे उरला. कोरियन लोकांनी तो फेकून दिला नाही. इसोंगदांगने तर त्यात तांदळाचे पीठ घालून तो आपला केला.

त्यानंतर युद्ध आले. युद्धानंतरच्या कोरियात अमेरिकेच्या मदतीचा गहू उतरत होता. त्याच 'पीएल 480' योजनेचा गहू भारतातही येत होता. रेशनच्या रांगेतला तो लाल गहू घरातल्या आजी-आजोबांना आठवत असेल. तांदूळ कमी म्हणून कोरियन सरकारने 1960च्या दशकात लोकांना पिठाचे पदार्थ खाण्याचा आग्रह धरला. आजच्या झगमगीत काचेआडच्या पेस्ट्रीमागे भुकेची ही वर्षे उभी आहेत.

देजॉन शहरातल्या सोंगशिमदांग बेकरीची गोष्ट याच वर्षांतली. 1950 च्या डिसेंबरमध्ये उत्तरेकडच्या हुंगनाम बंदरातून हजारो निर्वासितांना जहाजांतून दक्षिणेला आणले गेले. त्यांत एक कॅथलिक कुटुंब होते. 1956 मध्ये देजॉनच्या चर्चमधल्या धर्मगुरूंनी या कुटुंबाला पिठाची दोन पोती दिली. ते पीठ घरात खाऊन संपवता आले असते. त्याऐवजी कुटुंबाने रेल्वे स्टेशनासमोर वाफवलेले गोड पाव विकायला सुरुवात केली आणि त्यातले काही उपाशी लोकांना वाटले. आज ती कोरियातल्या सर्वांत प्रसिद्ध बेकऱ्यांपैकी एक आहे. 1980 मध्ये तिने काढलेला तळलेला सोबोरो खायला लोक आगगाडीने देजॉनला येतात, कारण शहराबाहेर तिची शाखा नाही. उरलेला पाव गरजूंना देण्याची रीत मात्र पहिल्या दिवसापासून चालू आहे.

ही गोष्ट कॅथलिक घराची असली तरी रमजानमध्ये ती कानाला परकी वाटत नाही. ईदच्या नमाजाआधी द्यायचा फित्रा मुळात धान्याच्याच मापाने मोजला जातो: गहू, जव, खजूर. स्वतःच्या घरातल्या पिठात दुसऱ्याचा वाटा आहे, हे मान्य केल्याशिवाय रोजा पूर्णत्वाला जात नाही, अशी यामागची भावना आहे. दोन पोती पिठातून पहिला वाटा बाजूला काढणारे कुटुंब ही भावना जगले.

आता प्रश्न पावाच्या पोटातला. रोजेदार माणूस नवा पाव हातात घेतो तेव्हा विचारतो: यात जिलेटिन आहे का? असेल तर कशाचे? क्रीममध्ये रम घातली आहे का? पीठ मऊ राखणारे पदार्थ वनस्पतीचे की प्राण्याचे? कोरियात हे प्रश्न उगाच नाहीत. डुकराचे मांस तिथे रोजच्या जेवणात आहे, आणि माक्गोल्ली या तांदळाच्या मद्याने पीठ फुगवून केलेला वाफवलेला पाव हा तिथला जुना, घरगुती पदार्थ आहे. गोव्यातले पोदेरही पूर्वी पाव फुगवण्यासाठी माडाची सूर वापरत. भट्टीत उडून जाणाऱ्या मद्यार्काचे काय करायचे, यावर उलेमांमध्येही एकच मत नाही.

अनेकांना हे प्रश्न चिकित्सक वाटतात. 'एवढे काय बघायचे, खा की!' असे मित्र प्रेमाने म्हणतात. पण त्याच दुकानात पलीकडचे गिऱ्हाईक विचारत असते, 'यात अंडे आहे का?' तिसरे विचारते, 'लसूण नसलेला मिळेल का?' चतुर्थीचा उपास करणारी बाई साबुदाण्याच्या वड्यात कोणते मीठ आहे ते विचारते. भारतात तर वेष्टनावर हिरवा ठिपका छापणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि कोणालाही त्यात वावगे दिसत नाही. मग हलालची चौकशी तेवढी हट्ट का ठरावी? पानात काय वाढले आहे हे विचारणारा माणूस त्या पंगतीतून उठू इच्छित नसतो. त्याला तिथे बसायचे असते, म्हणूनच तो विचारतो. ज्याला बसायचेच नाही, तो न विचारता निघून जातो.

कोरियात अशा पंगतीची सुरुवात एकदा चांगली झाली होती. कोरियन युद्धात तुर्कस्तानचे सैनिक दक्षिणेच्या बाजूने लढले. त्यांच्याबरोबर आलेल्या इमामांमुळे काही कोरियन लोकांनी इस्लाम स्वीकारला. पुढे सरकारने सोलमध्ये जागा दिली, अरब देशांनी पैसा दिला, आणि 1976 मध्ये इतेवॉनच्या टेकडीवर मध्यवर्ती मशीद उभी राहिली. आज तिच्या आसपासच्या गल्ल्यांत हलाल खाणावळी आणि मिठाईची दुकाने आहेत आणि तिथे खाणाऱ्यांत मुस्लिम नसलेले कोरियन तरुणही असतात.

पण देगू शहरात वेगळे घडले. तिथल्या क्योंगबुक राष्ट्रीय विद्यापीठात शिकणारे मुस्लिम विद्यार्थी जवळच्या एका घरात नमाज पढत. त्या जागी छोटी मशीद बांधायला त्यांनी 2020 मध्ये परवानगी मिळवली. 2021 च्या फेब्रुवारीत रहिवाशांच्या तक्रारींवरून प्रशासनाने काम थांबवले. तक्रारी होत्या गर्दीच्या, आवाजाच्या आणि स्वयंपाकाच्या वासाच्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2022 च्या सप्टेंबरमध्ये निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने लागला. त्यानंतर बांधकामाच्या दारात डुकरांची मुंडकी ठेवली गेली आणि समोर डुकराचे मांस भाजण्याची मेजवानी झाली. देशाच्या मानवाधिकार आयोगाने या प्रकाराला द्वेष म्हटले. काही कोरियन नागरिक आणि संघटना विद्यार्थ्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, हेही सांगायला हवे.

पोर्तुगीजांचा शब्द, जपान्यांचा पाव आणि अमेरिकेचा गहू ज्या देशाने पचवला, त्याच देशातल्या एका गल्लीला शेजाऱ्याच्या स्वयंपाकाचा वास सोसला नाही. यात कोरियन लोकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण दूरच्या गल्लीकडे बोट दाखवताना जवळची गल्लीही दिसायला हवी.

रमजानच्या संध्याकाळी मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर किंवा पुण्याच्या मोमीनपुऱ्यात जी गर्दी असते, तिच्यात सगळ्या धर्मांचे लोक असतात. मालपुवा, फिरनी, कबाब यांचे फोटो काढले जातात, कौतुक होते. हे चांगलेच आहे. पण त्याच गर्दीतला एखादा घरमालक सोमवारी सकाळी भाडेकरूचे आडनाव ऐकून 'जागा दिली हो' म्हणतो तेव्हा त्या मालपुव्याचे काय होते? सोसायटीच्या सभेत 'त्यांच्या स्वयंपाकाचा वास येतो' असा मुद्दा निघतो तेव्हा देगू फार दूर राहत नाही. दुसऱ्याचा पदार्थ आवडणे ही ओळखीची पहिली पायरी आहे. तिलाच माडी समजणे ही मोठी चूक.

हिशेब एका बाजूचाच मांडणे मात्र बरे नाही. इफ्तारला शाकाहारी मित्राला बोलावतात आणि त्याच्यापुढे फळांची एक बशी ठेवून सगळे बिर्याणीकडे वळतात, असे किती घरांत होते! आपल्या ताटातल्या जिलेटिनची चौकशी करणाऱ्याने, पाहुण्याच्या ताटासाठी वेगळा चमचा वापरला का, हेही तितक्याच काळजीने पाहायला हवे. आपल्या अटी दुसऱ्याने समजून घ्याव्यात असे वाटत असेल, तर त्याच्याही अटी आधी विचाराव्या लागतात. आणि मोठमोठ्या इफ्तार पार्ट्यांतून उरलेले अन्न रात्री कुठे जाते, हा प्रश्नही सोंगशिमदांगच्या पावासमोर ठेवून पाहण्यासारखा आहे.

यंदा एखाद्या घरात इफ्तारला कोरियन बन येईल. तो आणणाऱ्याने बेकरीत निःसंकोच विचारावे की आत काय आहे, आणि बेकरीवाल्याने तितक्याच सहजपणे सांगावे. मग सहा पाकळ्यांपैकी दोन-तीन बाजूला काढून शेजारच्या दारात न्याव्यात. तिथेही दार उघडणाऱ्याने विचारावे, 'यात अंडे आहे का हो?' आहे, असे ऐकून तो हसून नको म्हणाला तरी बिघडत नाही. उद्या त्याच्यासाठी खजूर न्यावेत. दार उघडले आणि दोन वाक्ये झाली, की पुढच्या वेळी ते उघडायला वेळ लागत नाही.