माहिती तातडीने सादर करावी

मधली सुट्टी संपायच्या सुमारास केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर एक पीडीएफ येऊन पडते. डोक्यावर 'अत्यंत तातडीचे', तळाला 'आज सायंकाळी पाचपर्यंत विहित नमुन्यात'. पत्रावरची तारीख पाहावी, तर ती आठ दिवसांपूर्वीची. पुण्याच्या शिक्षण संचालनालयातून निघालेला कागद शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख अशा पायऱ्या उतरत मुख्याध्यापकाच्या हाती येतो, तोवर मुदतीतले सगळे दिवस वरच्या टेबलांवर खर्च झालेले असतात. शाळेच्या वाट्याला उरतात ते तीन तास. त्यात दोन शिक्षकी शाळा असेल तर मुख्याध्यापकच तिसरी-चौथीचे वर्गशिक्षक. म्हणजे ते तीन तास मुलांच्या खात्यातून वजा.

हे रोजचेच आहे, म्हणून त्यावर कोणी बोलत नाही. जे बोलतात ते फोनला दोष देतात. फोनचा काय दोष? पूर्वी हेच कागद पंचायत समितीच्या शिपायाकडून यायचे आणि त्याला वेळ लागायचा, म्हणून मागणाऱ्यालाही मागण्याआधी विचार करावा लागे. आता मागणे फुकट झाले आहे. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची माणूस किती उधळपट्टी करतो, हे पाहायचे असेल तर कोणत्याही केंद्रप्रमुखाचा फोन एक दिवस मागून घ्यावा.

केंद्रप्रमुख हे पद कशासाठी निर्माण झाले, हे खात्यातल्या नव्या मंडळींना बहुधा ठाऊक नसेल. शेजारच्या शाळांनी मिळून एक गट करावा आणि एकमेकींच्या मदतीने सुधारावे, ही शाळासमूहाची कल्पना कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात मांडली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतला हा माणूस. खेड्यातली शाळा त्यांनी अहवालांतून नव्हे, जवळून पाहिली होती. ती कल्पना महाराष्ट्रात प्रत्यक्ष पदाच्या रूपाने उतरायला 1994 उजाडले. दहाएक शाळांचे एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख, अशी 4860 पदे मंजूर झाली. तालुक्याला गटसाधन केंद्र, त्यात विषय साधनव्यक्ती. जिल्ह्याला 1986 च्या राष्ट्रीय धोरणातून आलेली शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली 'डाएट'. आणि सर्वांच्या वर पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद. या सबंध रचनेचे काम एकच: वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला आधार देणे. तपासणीसाठी वेगळी माणसे होती, आजही आहेत.

मग या आधार देणाऱ्यांच्या गटावर रोज कोणत्या वार्ता फिरतात? पोषण आहाराची ऑनलाइन नोंद अमुक शाळांची बाकी आहे. यूडायस या शाळांच्या माहितीच्या प्रणालीतली आधार जुळणी अमुक टक्क्यांवर अडली आहे. अपार या विद्यार्थी ओळख क्रमांकाचे काम जिल्ह्यात आपल्या तालुक्याचे सर्वांत मागे आहे, आणि सोबत एक्सेलचा तक्ता, त्यात मागे पडलेल्या शाळांच्या ओळी लाल रंगात. अमुक दिनाची शपथ घेतली, फोटो लिंकवर टाकावेत. अमुक सप्ताहाचा अहवाल निरंक असल्यास तसे कळवावे. मध्येच कोणाच्या तरी सेवापूर्तीचे छायाचित्र, त्याखाली सव्वाशे हात जोडलेल्या आकृत्या, आणि त्या हातांच्या गर्दीत सकाळी आलेली महत्त्वाची सूचना कुठे गेली ते सापडत नाही. सापडली की पुन्हा टाकायची, 'पुनश्च' असे लिहून.

या ढिगात एक वार्ता कधीच नसते. शेजारच्या वाडीवरच्या बाईंनी दुसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी काड्यांच्या गठ्ठ्यांनी कशी पटवली, आणि मुले नेमकी कुठे अडत होती, ही वार्ता. ती तीन किलोमीटर ओलांडून पलीकडच्या शाळेत जात नाही. केंद्र निर्माण झाले ते खरे तर हीच वार्ता पोचवण्यासाठी. दर महिन्याची शिक्षण परिषद त्यासाठीच ठरवली गेली. आता तिथेही पहिला तास परिपत्रकांच्या वाचनात जातो. जी पत्रे सर्वांच्या फोनमध्ये आहेत तीच मोठ्याने वाचली जातात, कारण 'अवगत करून दिले' असे इतिवृत्तात यावे लागते. मग चहा. मग एक आदर्श पाठ, त्याचा फोटो, आणि गाडी पकडायची घाई.

अशी वार्ता पसरूच शकत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटात, म्हणजे विस्तार अधिकाऱ्याच्या हद्दीतल्या शाळांत, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले, तेव्हा ते पाहायला राज्याच्या कानाकोपऱ्यातून शिक्षक जाऊ लागले. त्यांना कोणत्या कार्यालयाने हाकलून नेले नव्हते. एकाने पाहिले, दुसऱ्याला सांगितले, तिसऱ्याने वर्गातल्या फरशीवर आखलेल्या आकृत्यांचे फोटो मागवले. फोनवरचा गट तेव्हाही हाच होता. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झाले, त्यामागे या पाहणाऱ्यांच्या उत्साहाचाही वाटा होता. पुढे काय झाले तेही शिक्षकांना आठवत असेल. पाहून शिकण्याचे दिवस मागे पडले आणि तुमच्या केंद्रात किती शाळा प्रगत झाल्या, हा तक्ता सुरू झाला. फरशीवरच्या आकृत्या कुमठ्यात गरजेतून उमटल्या होत्या. इतरत्र त्या ऑइलपेंटने एका रात्रीत रंगवून घेण्यात आल्या. भेट असेल त्या दिवशी मुलांना त्यांच्याभोवती बसवायचे.

आणखी एक दाखला अलीकडचा. 2020 च्या टाळेबंदीत पुण्याच्या परिषदेने 'शाळा बंद... पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला याच व्हॉट्सॲप साखळीतून खाली पाठवली. जिथे घरात एकच फोन आणि तोही बापाबरोबर शेतावर, तिथे ती पोचली नाही. ते उणेपण मोठे होते. पण राज्याच्या कार्यालयातून निघालेला मजकूर त्याच दिवशी वाडीवस्तीवरच्या शिक्षकापर्यंत जाऊ शकतो आणि त्यात वर्गात उपयोगी पडेल असे काही असू शकते, हे तेव्हा सिद्ध झाले. वाट तीच आहे. तिच्यावरून काय पाठवायचे, हा प्रश्न ज्यांनी पाठवायचे त्यांच्या इच्छेचा आहे.

थोडे मागे जायला हरकत नाही. दीडशे वर्षांपूर्वी, शाळामास्तरला तुटपुंजा पगार होता त्या काळात, इंग्रज सरकारच्या शिक्षण खात्याचे 'शालापत्रक' निघे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ते सांभाळले आणि 1868 पासून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री त्याचे काम पाहू लागले. खात्याच्या त्या मासिकात त्यांनी कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू, दंडी या संस्कृत कवींवर निबंध लिहिले. क्षणभर विचार करावा: खेड्यातल्या मास्तरच्या हाती खात्याकडून येणाऱ्या मासिकात बाणभट्टाची चर्चा! त्यात हजेरीपत्रकाचा नमुना नसेलच असे नाही. पण वाचणारा माणूस हा काही वाचू शकणारा, विचार करू शकणारा आहे, हे संपादकाने गृहीत धरले होते. सरकारच्या आणि मिशनऱ्यांच्या चुकाही तो त्याच पानांत काढी. परिणाम व्हायचा तो झाला. सरकारची मर्जी फिरली आणि 1875 मध्ये शालापत्रक बंद पडले. तोवर विष्णुशास्त्रींची स्वतःची निबंधमाला सुरू झाली होती. खात्याने आपला संपादक गमावला आणि मराठीला तो मिळाला, हा आपला फायदाच. पण खात्याचा नव्हे. आज परिषदेचे 'जीवन शिक्षण' मासिक आहे, त्यात शिक्षक लिहितातही. केंद्राच्या गटावर मात्र त्याचा एखादा लेख कोणी टाकला आणि त्यावर बोलणे झाले, असे दृश्य दुर्मीळ. बोलायला गट उघडा तर हवा! बहुतेक अधिकृत गटांवर 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात' अशी पाटी असते. हात जोडण्यापुरता तो मधूनमधून उघडतात.

गंमत अशी की या कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या जिव्हाळ्याच्या बातम्याही त्यांना कार्यालयाकडून कळत नाहीत. 2017 पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्या. संवर्ग एक, संवर्ग दोन, बदली अधिकारप्राप्त, बदलीपात्र अशा टप्प्यांत घरदार विखुरण्याचा किंवा जुळण्याचा निर्णय असतो. त्या दिवसांत शिक्षक रात्री दोनला उठून फोन पाहतो तो संघटनेच्या गटावर. समग्र शिक्षा योजनेतल्या कंत्राटी साधनव्यक्तींना पुढच्या वर्षी नेमणूक राहणार की नाही, हे कळते वर्तमानपत्रातून किंवा कोणाच्या तरी मंत्रालयातल्या मेहुण्याकडून. ज्या यंत्रणेला पहिलीच्या प्रत्येक मुलाचा आधार क्रमांक सायंकाळी पाचपर्यंत हवा असतो, तिला आपल्याच माणसाला त्याचे पुढचे वर्ष सांगायची तातडी का वाटू नये?

अशैक्षणिक कामांचा वाद सर्वांच्या परिचयाचा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला इतर कामाला लावू नये, असे सांगितले. ऑगस्ट 2024 मध्ये शासनाने कामांची वर्गवारीच करून दिली: हे शैक्षणिक, हे अशैक्षणिक. वर्गवारी झाली हे बरे झाले. पण माहिती भरणे हे शैक्षणिकच्या रकान्यात गेले की त्यावर बोलायची सोय राहत नाही. उपस्थिती चॅटबॉटवर, आहार दुसऱ्या पोर्टलवर, चाचणीचे गुण तिसऱ्यावर, आणि हे तिन्ही भरले आहेत असा अहवाल पुन्हा गटावर एक्सेलमध्ये. एकाच शाळेचा पट एका वर्षात किती वेळा कळवावा लागतो, ते खात्याने एकदा मोजून पाहावे. त्यासाठी शाळांकडून माहिती मागवू नये, एवढीच विनंती. खात्याकडे आलेल्या पत्रांच्या प्रती असतीलच.

केंद्रप्रमुखाचा यात दोष धरणे अन्यायाचे होईल. मुळात तो आहे कुठे? 2023 च्या जूनमध्ये 2384 जागांसाठी मर्यादित विभागीय परीक्षेची जाहिरात निघाली. शिक्षकांनी अर्ज भरले, काहींनी रजा काढून अभ्यास केला, आणि परीक्षा पुढे गेली. रिक्त केंद्रांत काम चालते प्रभारींवर. प्रभारी म्हणजे ज्याचा स्वतःचा वर्ग आहे, शाळा आहे, आणि जो जास्तीचे एखादे केंद्र, कधी दोन, फोनवरून सांभाळतो. तो भेटी कधी देणार? गुरुजींना शिकवताना पाहून, मागच्या बाकावर बसून, नंतर झाडाखाली दोन गोष्टी बोलण्यासाठी दिवस लागतो. पीडीएफ तीन गटांवर पुढे ढकलायला अर्धे मिनिट पुरते. वरिष्ठांना हिशेब लागतो तो अर्ध्या मिनिटाच्या कामाचा. झाडाखालच्या बोलण्याला पोर्टलवर रकाना नाही. जो केंद्रप्रमुख तरीही गाडी काढून शाळेत जातो आणि वर्गात बसतो (असे आहेत, प्रत्येक तालुक्यात एक-दोघे आहेतच), त्याचे केंद्र लाल ओळीत दिसण्याची शक्यता जास्त.

उपाय फार खर्चाचे नाहीत. जे यूडायसमध्ये आहे ते पुन्हा मागितले जाणार नाही, असा नियम करावा आणि मागणाऱ्याच्या नावानिशी तो पाळला जावा. वरच्या टेबलावर जितके दिवस कागद राहिला, तितके तरी दिवस खालच्या टेबलाला मिळावेत. केंद्राचा गट आठवड्यातून एक दिवस शिक्षकांसाठी उघडा ठेवावा. त्या दिवशी कार्यालयाने काही टाकू नये, अभिनंदनही नको. पहिले चार आठवडे कोणी काही लिहिणार नाही, कारण सवय मोडली आहे आणि भीतीही आहे. पाचव्या आठवड्यात कोणीतरी वजाबाकीचा प्रश्न विचारील. त्याला 'याबाबत आपण यापूर्वी का कळवले नाही' असे उत्तर गेले नाही म्हणजे झाले.

आणि वर गेलेल्या माहितीचे पुढे काय झाले, ते खाली यायला हवे. चाचण्यांचे गुण भरून झाले. भागाकारात तालुका मागे असल्याचे दिसले, तर त्यावर कोणत्या साधनव्यक्तीला कोणत्या केंद्रात पाठवले? पट घटलेल्या शाळांचे तक्ते गेले. घट कशामुळे, हे वाडीवर जाऊन कोणी विचारले का? तीस सप्टेंबरचा पट यंदाही भरून घेतला जाईल, लाल ओळी यंदाही येतील. त्याआधी गटावर एक पान टाकावे: मागच्या वर्षी या केंद्रातल्या शाळांनी भरलेल्या माहितीवरून कोणता निर्णय झाला, कोणाच्या सहीने. पीडीएफ चालेल.