कच्चा कागद घरातच राहू द्या

"आपा, अर्ज तयार आहे. बघा, किती छान मराठीत आलाय!" असं म्हणत आमच्या गटातल्या एका मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला.

नाशिकमध्ये वडाळा नाक्याजवळ, ओळखीच्या एका भाईंच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही आठवड्यातल्या दोन संध्याकाळी बसतो. रेशन कार्ड, शिष्यवृत्ती, दाखले, दवाखान्याची बिलं, असलं सगळं येतं. आणि बायकांचे अर्ज येतात. त्या संध्याकाळी जुन्या नाशकातून एक बाई आल्या होत्या. नवरा आखातात. दीड वर्ष एक पैसा पाठवलेला नाही. सासरच्यांनी घराबाहेर काढलेलं, दागिने त्यांच्याच कपाटात. बाईंना दोनच गोष्टी हव्या होत्या, खर्चाचे पैसे आणि दागिने.

अर्ज खरंच छान होता. 'सदर', 'उपरोक्त', 'अर्जदार', सगळं जागच्या जागी. आणि तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं, की पतीने फोनवरून तीन तलाक देऊन अर्जदारास वाऱ्यावर सोडले आहे.

बाईंनी तलाक हा शब्द उच्चारलाच नव्हता. आमच्या मुलीनेही तो टाइप केला नव्हता. मुस्लिम नाव, आखातातला नवरा, टाकून दिलेली बायको, एवढं मिळाल्यावर उरलेली गोष्ट यंत्राने स्वतःच रचली. टीव्हीवरच्या चर्चेत रोज रचली जाते तीच.

या एका वाक्याने काय झालं असतं ते नीट समजून घ्या. २०१९च्या कायद्यानुसार एका दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल तर आहेच, शिवाय तो गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे पोटगी मागायला आलेली बाई स्वतःला न कळता नवऱ्यावर न घडलेल्या गुन्ह्याचा आरोप करून बसली असती. पुढे समोरच्या वकिलाने "तलाक कधी दिला, कोणत्या फोनवर?" एवढं विचारलं असतं तरी तिची खरी तक्रारसुद्धा खोटी ठरली असती. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला घरात राहण्याचा हक्क मागता येतो, दागिने परत मागता येतात, खर्च मागता येतो. तलाकचा त्यात संबंधच नव्हता.

ते वाक्य आम्ही खोडलं. पण मला त्या रात्री झोप लागली नाही ती वेगळ्याच कारणाने. मी मुलीला विचारलं होतं, "हे कुठे लिहिलंस?" एका फुकटच्या चॅटबॉटमध्ये, स्वतःच्या खात्यावर. बाईंचं पूर्ण नाव, पत्ता, निकाहनाम्याचा फोटो, नवऱ्याचा परदेशातला नंबर, मारहाणीचे तपशील, सगळं. आणि इतरांना बघता यावं म्हणून त्या संभाषणाची लिंक तिने आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. बाईंना कुणी विचारलं नव्हतं.

मी यावर बोलले तेव्हा गटातला एक हुशार मुलगा म्हणाला, "आपा, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?"

या प्रश्नाशी माझं भांडण आहे. हा प्रश्न आपला नाहीच. तो आपल्याला विचारला जातो, आणि वर्षानुवर्षं ऐकून ऐकून आता आपण तो एकमेकांना विचारायला लागलोय. घर भाड्याने घेताना, विमानतळावर, नाकाबंदीत सगळीकडे 'लपवत नसाल तर दाखवा' हेच ऐकायचं, आणि ते ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला उघडं राहणं म्हणजेच प्रामाणिक असणं असं वाटू लागतं. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. जो हक्क आहे त्याच्यासाठी कारण द्यावं लागत नाही.

आणि ज्यांना आपल्या सुधारणेच्या परंपरेचा अभिमान आहे त्यांनी १८ एप्रिल १९६६ आठवावा. त्या दिवशी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. एकतर्फी तलाकविरुद्ध, बहुपत्नीत्वाविरुद्ध. सातच जणी, पण स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या नावाने. आपलं दुःख रस्त्यावर आणायचं की नाही, कधी आणि कोणत्या शब्दांत, हे त्यांनी ठरवलं. आता दुसरं टोक बघा. जुलै २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या मुस्लिम बायकांचे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडणारी दोन ॲप निघाली. फोटो त्यांनीच आधी कुठेतरी टाकलेले होते, म्हणून काय झालं? समोर येणं आणि समोर ओढलं जाणं यात जो फरक आहे, त्याच्यासाठीच मी हे लिहितेय.

२०१२च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या एका मुस्लिम मुलीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिला अटक झाली, आणि त्या ओळी लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही. ज्या कलम ६६अ खाली ते झालं ते सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं. तरी मे २०२५ मध्ये पुण्यात शिकणाऱ्या १९ वर्षांच्या काश्मिरी विद्यार्थिनीने एक इन्स्टाग्राम पोस्ट शेअर केली, दोन तासांत काढून टाकली, माफीही मागितली, आणि कॉलेजमधून काढलं जाऊन तुरुंगात गेली. हायकोर्टाने सरकारला झापून तिला सोडवलं. जिथे दोन तासांत मागे घेतलेला शब्द एवढा महाग पडतो, तिथे राग, गोंधळ, अर्धवट विचार लिहायला दार लावता येईल अशी खोली लागते. पूर्वी ती वही होती. आता आपण थेट परक्याच्या ओट्यावर बसून कच्चं लिहितोय.

परका म्हणजे कोण? बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या फुकट सेवांत आपण नकार दिला नाही तर आपलं संभाषण त्यांचं मॉडेल सुधारायला वापरता येतं. २०२५च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या एका कोर्टाने, वृत्तपत्राने केलेल्या कॉपीराइटच्या दाव्यात, चॅटजीपीटीची संभाषणं जपून ठेवायचा आदेश दिला. वापरणाऱ्याने डिलीट केलेलीसुद्धा. काही महिने तो लागू होता. त्याच उन्हाळ्यात शेअर केलेली हजारो चॅटजीपीटी संभाषणं गूगलच्या शोधात सापडू लागली, तेव्हा कंपनीने ती सोय बंद केली. आमच्या मुलीने टाकलेली लिंक कोणत्या कंपनीची होती हे इथे महत्त्वाचं नाही. ज्या दिवशी तुम्ही निकाहनामा अपलोड करता, त्या दिवसापासून त्याचं काय होणार हे दुसऱ्या देशातलं कोर्ट आणि दुसऱ्याचा धंदा ठरवतो. आपला २०२३चा डेटा संरक्षण कायदा यात फार पुढे येईल असं समजू नका. त्याच कायद्याचं कलम १७ केंद्राला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा देतं.

मग आम्ही काय केलं? एका भाईंनी ऑफिसचा जुना लॅपटॉप दिला, आठ जीबी रॅमचा. त्यावर जॉप्लिन टाकलं. हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, नोंदी आपल्याच मशीनवर ठेवतं, खातं उघडायला लावत नाही. कुणाला ऑब्सिडियन आवडतं. त्यात प्रत्येक नोंद साध्या मजकुराची फाइल असते, उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडते. लिहिण्याच्या मदतीसाठी ओलामा घेतलं आणि त्यात गूगलचं जेम्मा ३ हे मॉडेल, चार अब्ज पॅरामीटरचं, डाउनलोड करायला सव्वातीन जीबीच्या आसपास. ते एकदाच उतरवायचं, मग इंटरनेट लागत नाही. नोंदी आणि मॉडेल एकत्रच देणारी रिओरसारखी सॉफ्टवेअरही आहेत. यात एका रुपयाचं लायसन नाही. आणि 'ऑफलाइन' लिहिलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर खरंच ऑफलाइन आहे का ते तपासायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. वायफाय बंद करा, प्रश्न विचारा. उत्तर आलं तर यंत्र घरात आहे.

आता खरं सांगते, ते मंद आहे. जुन्या लॅपटॉपवर चार ओळी येईपर्यंत चहा निवतो. आणि त्याची मराठी शाळेतल्या कच्च्या पोरासारखी. 'ती गेला' लिहितं, सासू आणि सून यांची अदलाबदल करतं. मोठ्या ऑनलाइन यंत्रांची मराठी याच्या कितीतरी पुढे आहे. हे मी लपवणार नाही, कारण 'आपलं तेच चांगलं' म्हणून वाईट वस्तू गळ्यात मारण्याची सवय आपल्या संस्थांना आधीच भरपूर आहे.

पण या मंदपणामुळे एक गोष्ट लक्षात आली. अर्ज लिहून घ्यायचं काम यंत्राकडे द्यायलाच नको होतं, ऑनलाइनही नाही आणि ऑफलाइनही नाही. त्या बाई म्हणाल्या होत्या, "घर में लेते नहीं, मेरा सामान भी देते नहीं, मैं जाऊँ किधर?" यंत्राने त्याचं केलं 'अर्जदारास वैवाहिक गृहात प्रवेश नाकारण्यात आला'. हे चूक नाही. पण संरक्षण अधिकाऱ्यापुढे जेव्हा बाईला स्वतः बोलावं लागतं तेव्हा अर्जातली बाई आणि समोरची बाई एकच वाटायला हवी. आता आम्ही बाईंचे शब्द जसेच्या तसे लिहितो, दखनी असेल तर दखनी, खानदेशी असेल तर खानदेशी. मग यंत्राला एवढंच विचारतो की यातल्या तारखा क्रमाने लाव, काय सांगायचं राहिलंय ते विचार, कोणता कागद कमी आहे ते सांग. हे ते छोटं यंत्रही बऱ्यापैकी करतं. चुकलं तर पकडता येतं, कारण मूळ नोंद शेजारीच असते. अर्ज माणूस लिहितो.

आणखी एका भ्रमात राहू नका. 'ऑफलाइन' म्हणजे तावीज नाही. मायक्रोसॉफ्टने २०२४च्या मे महिन्यात रिकॉल नावाची सोय जाहीर केली. ती स्क्रीनची सतत छायाचित्रं काढून संगणकावरच ठेवणार होती. सगळं घरातल्या घरातच! पण ती माहिती किती सहज वाचता येते हे तज्ज्ञांनी दाखवल्यावर कंपनीला ती थांबवून बदलावी लागली. आणि महाराष्ट्राने तर याहून वाईट पाहिलंय. भीमा कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फाइली घुसवल्या गेल्या, असं अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने केलेल्या तपासणीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगत होता. एनआयएने तो मानला नाही. कोर्टात जे ठरायचं ते ठरेल, पण लॅपटॉप घरात आहे म्हणून तो बंद तिजोरी ठरत नाही. म्हणून डिस्क एन्क्रिप्ट करा, अनोळखी अटॅचमेंट उघडू नका, बॅकअप वेगळ्या पेनड्राइव्हवर, तोही कुलूपबंद.

आणि शेवटी घरातली गोष्ट, जी आपल्या मुलग्यांना आवडणार नाही. सरकार आणि कंपनी यांच्यावर मी लिहिलं की टाळ्या मिळतात. पण आमच्याकडे येणाऱ्या मुलींना सर्वांत जास्त भीती पोलिसांची नसते, भावाची असते. तो रोज बहिणीचा फोन उघडतो आणि त्याला काळजी म्हणतो. दुसऱ्याच्या खासगी गोष्टी हुडकत फिरू नका हा हुकूम सूरह हुजुरातमध्ये आहे, आणि त्यात भावांसाठी सवलत दिलेली नाही. बहिणीच्या लॅपटॉपचा पासवर्ड मागणाऱ्याने पेगासस या शब्दाचा निषेध करू नये. आमच्या लॅपटॉपवर प्रत्येक बाईच्या नोंदीला वेगळा पासवर्ड आहे आणि तो तिने ठरवलेला असतो.

त्या बाईंचा अर्ज नव्याने लिहिला, वाचून दाखवला, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त केला आणि तो संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेला. जाताना त्यांनी विचारलं, "वो पहलेवाला पूरा मिट गया ना?" लिंक आम्ही काढली होती, संभाषणही पुसलं होतं. आमच्याकडून मिटलंय, त्यांच्याकडचं मला सांगता येणार नाही, असं मी त्यांना सांगितलं.

आमच्या खोलीत आता एकच नियम आहे. ज्याची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय ती या लॅपटॉपबाहेर जाणार नाही. तुमच्या मोहल्ल्यातही असं केंद्र चालत असेल तर जुना लॅपटॉप शोधा. आठ जीबी रॅम असेल तर चालतं, सोळा असेल तर उत्तम. जॉप्लिन आणि ओलामा बसवायला तासभर लागतो. मॉडेलची फाइल आमच्याकडे पेनड्राइव्हवर आहे. मोबाइल डेटा वाया घालवू नका, येऊन घेऊन जा.