कासव की न्यूट : कळंबच्या कुंडापर्यंत येणारा प्रश्न

२८ फेब्रुवारी २०२४ हा दिवस कळंबकरांच्या लेखी रेल्वेचा दिवस म्हणून राहील. वर्धा-यवतमाळ-नांदेड या दीर्घकाळ रेंगाळलेल्या मार्गाच्या वर्धा ते कळंब या टप्प्याचे उद्घाटन त्या दिवशी यवतमाळच्या सभेतून पंतप्रधानांच्या हस्ते झाले आणि चिंतामणीचे गाव ब्रॉडगेजच्या नकाशावर आले. नेमक्या त्याच दिवशी दिल्लीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक नियमावली राजपत्रात प्रसिद्ध केली. परदेशी मूळ असलेले आणि ‘साइटस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत नोंदलेले सजीव प्राणी ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी सहा महिन्यांच्या आत त्यांची नोंदणी ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावी, त्यांची पैदास, हस्तांतर आणि मृत्यू यांचीही माहिती द्यावी, असा त्या नियमांचा आशय. रेल्वेला मंडप, भाषणे आणि हिरवा झेंडा मिळाला. नियमावलीची चर्चा तालुक्याच्या गावांत कोणी केली असेल, असे वाटत नाही.

वस्तुतः या नियमांचा संबंध महानगरांतील हौशी लोकांशीच आहे, हा समज आता टिकणारा नाही. मोठ्या शहरांतील ॲक्वेरियमच्या दुकानांत रंगीत माशांच्या शेजारच्या काचपेटीत बोटभर लांबीची हिरवी कासवे पोहताना दिसतात. अलीकडे त्यांच्या जोडीला शेपटीचे उभयचरही आले आहेत. त्यांत मेक्सिकोचा ॲक्सोलॉटल अधिक परिचयाचा, आणि क्वचित पूर्व आशियातील लाल पोटाचा न्यूट. सुट्टीत नागपूरला किंवा पुण्याला गेलेले मूल दुकानाच्या काचेला नाक लावून उभे राहते आणि ‘कासव घ्यायचे की हे दुसरे?’ असा पेच पालकांपुढे उभा होतो. हा पेच वरकरणी किरकोळ आहे. परंतु कायदा, हवामान आणि गावचे पाणी अशा तिन्ही बाजूंनी तो पाहिला, तर त्याचे गांभीर्य ध्यानात येते.

न्यूटला मराठीत रूढ शब्द नाही, याचे कारण साधे आहे. बेडूक आपल्याकडे उदंड. पाय नसलेले देवगांडूळ सह्याद्रीत आहे. पण शेपूट असलेला उभयचर महाराष्ट्रात निसर्गतः आढळतच नाही. भारतात त्याचे घर पूर्व हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत. दार्जिलिंगजवळचे जोरपोखरी अभयारण्य मुख्यतः या प्राण्यासाठी ओळखले जाते. हिमालयातील हा न्यूट संरक्षित असून त्याला पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. शिवाय त्याच्या संपूर्ण गणाला २०१९ साली ‘साइटस’च्या दुसऱ्या परिशिष्टात स्थान मिळाले. ॲक्सोलॉटलही त्याच परिशिष्टात असल्याने तो घरी ठेवणाऱ्याला नोंदणी चुकत नाही. दुकानदार ही गोष्ट सांगतोच असे नाही.

कागदपत्रांची अडचण एक वेळ दूर होईल. कळंबच्या उन्हाळ्याचे काय करणार? न्यूटला पंधरा ते वीस अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. पंचवीसच्या पुढे तो कासावीस होतो, अन्न सोडतो, त्वचेवर बुरशी धरते. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास खेळतो आणि दुपारी नेमकी वीज जाते. काचपेटीतील पाणी गार ठेवणारे यंत्र बसवले तरी ते विजेवरच चालणार. ज्या जिल्ह्याच्या मुख्यालयाने २०१८ च्या उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी हाल सोसले, तेथे एका पेटीसाठी पाणी सतत बदलणे आणि थंड राखणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. न्यूटच्या त्वचेतून विष स्रवते, त्यामुळे त्याला हाताळणे मुलांच्या हिताचे नाही. थोडक्यात, येथे न्यूट पाळणे म्हणजे पहिल्या उन्हाळ्यापुरती सोबत.

या प्राण्यांच्या व्यापाराने इतरत्र काय केले, हेही नोंदवले पाहिजे. नेदरलँड्समधील अग्निसॅलॅमँडर झपाट्याने नाहीसे होऊ लागले, तेव्हा त्यामागे त्वचा खाणारी एक बुरशी असल्याचे २०१३ साली स्पष्ट झाले. ही बुरशी मूळची आशियातील. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून ती युरोपात पोहोचली, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. अमेरिकेने त्याची धास्ती घेऊन २०१६ मध्ये सॅलॅमँडरच्या २०१ प्रजातींची आयात आणि राज्याराज्यांतील वाहतूक रोखली. ज्या देशाकडे हिमालयातील न्यूट आहे, त्याने ही हकीकत दुर्लक्षिणे शहाणपणाचे नाही.

मग कासव बरे? येथे प्रश्नाला अनपेक्षित वळण मिळते. सर्वसाधारण समजूत अशी की परदेशी प्राण्याला कायदा लागतो, आपल्या तळ्यातल्या कासवाला कसला कायदा? प्रत्यक्षात स्थिती नेमकी उलटी आहे. विदर्भाच्या तळ्यांत, शेततळ्यांत आणि नाल्यांत सहज सापडणारे, मऊ पाठीचे आणि मागील पाय झडपांखाली लपवणारे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे ज्या अनुसूचीत वाघ आहे तिच्यात. ते पकडून हौदात ठेवणाऱ्यास २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पावसाळ्यात रस्त्यावर आलेले कासव ‘लक्ष्मी आली’ म्हणून घरी नेणाऱ्या शेतकऱ्याला याची कल्पना नसते. देवळाच्या गाभाऱ्यासमोर दगडात कोरलेल्या कासवाला हात लावून पुढे जाणारा समाज जिवंत कासवाला शुभ मानतो, यात नवल नाही. पण या श्रद्धेवर आता वास्तुशास्त्राच्या आणि फेंगशुईच्या दुकानांनी आपला माल चढवला आहे.

त्याहून घातक म्हणजे वीस नखांच्या कासवाची दंतकथा. अशा कासवाच्या साहाय्याने पैशांचा पाऊस पाडून देतो, असे सांगणारी टोळी आणि तिला लाखो रुपये मोजणारा सुशिक्षित ग्राहक, ही जोडी महाराष्ट्राच्या पोलीस ठाण्यांना अनोळखी नाही. साधा जीवशास्त्रीय तपशील पाहावा. मऊ पाठीच्या कासवांना प्रत्येक पायाला तीनच नखे, म्हणजे एकूण बारा. तारांकित कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, म्हणजे अठरा. ज्या नखांसाठी सौदे होतात, ती बहुतेक कासवांना मुळात नसतातच. राज्याने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, पण अशा प्रकरणांत ग्राहकाकडे बहुधा फसवला गेलेला म्हणून पाहिले जाते, आणि कासवाची मागणी मात्र कायम राहते.

ही मागणी किती मोठी आहे याचा पुरावा विदर्भाच्या उंबरठ्यावरच मिळाला. महसूल गुप्तचर संचालनालयाने ‘ऑपरेशन कच्छप’ या मोहिमेत ३० सप्टेंबर २०२३ रोजी नागपूर, भोपाळ आणि चेन्नई येथे गंगेच्या खोऱ्यातील कासवांची ९५५ जिवंत पिल्ले पकडली आणि सहा जणांना अटक केली. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या या वाटेवर नागपूर येते हा भूगोलाचा योगायोग, परंतु लोहमार्ग जिथे जातो तिथे व्यापारही जातो. कळंबला गाडी आली याचा आनंद खराच. गाडीबरोबर काय काय येईल, याचा विचार वनखात्याने केला असल्यास उत्तमच.

देशी कासव तुरुंगात नेते म्हटल्यावर दुकानदार ग्राहकाला दुसऱ्या काचपेटीकडे नेतो. तेथील हिरव्या पिल्लाच्या कानाजवळ लाल पट्टा असतो. हा अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्याचा रहिवासी. इंग्रजीत त्याला ‘रेड-इअर्ड स्लायडर’ म्हणतात. तो ‘साइटस’च्या परिशिष्टांत नाही, त्यामुळे २०२४ च्या नोंदणीच्या जाळ्यातून तो निसटतो. सजीव प्राण्यांच्या आयातीला परवाना लागतो, पण एकदा देशात पैदा झालेल्या वा लपवून आणलेल्या पिल्लाची ओळख कोण विचारतो? चेन्नई विमानतळावर परदेशातून आलेल्या प्रवाशांच्या सामानात ही पिल्ले वारंवार सापडली आहेत. जी सापडत नाहीत, ती दुकानांत दिसतात.

हे पिल्लू विकत घेताना जेमतेम मोठ्या नाण्याएवढे असते. मादी वाढून पंचवीस सेंटीमीटरपर्यंत जाते आणि तीस वर्षेही जगू शकते. म्हणजे दहा वर्षांच्या मुलासाठी आणलेले कासव त्या मुलाच्या लग्नानंतरही पेटीत असायला हवे. त्याला पोहण्यापुरते खोल पाणी, ऊन खाण्यासाठी कोरडी जागा आणि गाळणी लागते. तो घाण भरपूर करतो. त्याच्या अंगावरील साल्मोनेला जिवाणूंमुळे मुलांना आजार होत असल्याचे पाहून अमेरिकेने १९७५ मध्येच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे विकली जातात ती सगळी चार इंचांहून लहानच असतात. पेटीचा वास येऊ लागला की घरातले कंटाळतात. मारायचे तर मन धजत नाही. दुकानदार परत घेत नाही. मग पुण्याचा एक सोपा मार्ग सापडतो: कासव जलाशयात सोडणे.

न्यूट आणि कासव यांतला खरा फरक इथे आहे. पहिल्याची चूक उन्हाळ्यात मरून संपते. दुसऱ्याची चूक जगून सुरू होते. विदर्भातील ऊन स्लायडरला मानवते. शेवाळ, किडे, बेडकांची पिल्ले, मासे, मेलेली जनावरे, काहीही त्याला चालते. ऊन खाण्याच्या जागेवरून तो देशी कासवांना हुसकावतो. २०२० साली गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात आणि दीपोर बील या सरोवरात तो आढळला. त्याआधी २०१८ मध्ये केरळात त्रिचूरजवळच्या कालव्यात. गुवाहाटीचे उदाहरण कळंबला विशेष लागू पडते. पायऱ्या उतरून ज्या चिंतामणीच्या दर्शनाला जावे लागते, त्या मंदिराच्या कुंडात ठरावीक काळाने गंगा प्रकटते आणि पाणी मूर्तीच्या चरणांपर्यंत चढते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. अशा पाण्यात जीव सोडणे कोणालाही पुण्यकर्मच वाटेल. गावालगतच्या चक्रावती नदीत सोडले तर तेच कासव पुढे वर्धेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यात जाऊ शकते. त्या खोऱ्यात द्वीपकल्पीय भारताबाहेर कुठेही न आढळणारे लीथचे मऊ पाठीचे कासव आहे. २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेत भारतानेच प्रस्ताव मांडून त्याला ‘साइटस’च्या पहिल्या परिशिष्टात नेले. एकीकडे परिषदेत रक्षण आणि दुसरीकडे दुकानातून त्याच्या प्रतिस्पर्ध्याची विक्री, ही विसंगती कोणाला खटकत नाही!

उपाय सरकारच्या हातात आहे, आणि तोही नव्या कायद्याविना. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात ६२-अ हे कलम आले. उपद्रवी परदेशी प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणूक आणि प्रसार यांवर नियंत्रण किंवा बंदी घालण्याचा अधिकार ते केंद्राला देते. जपानने जून २०२३ पासून या कासवाची विक्री, आयात आणि निसर्गात सोडणे बंद केले; मात्र घरात आधीपासून असलेली कासवे पाळण्यास मुभा ठेवली, कारण सरसकट बंदी घातली तर लोक रातोरात ती नदीत टाकतील, हे त्यांनी ओळखले होते. युरोपीय संघाने १९९७ मध्ये केवळ या एका उपप्रजातीची आयात रोखली, तर व्यापारी पिवळ्या पोटाच्या तिच्या भावंडाकडे वळले. तेव्हा अधिसूचना निघालीच तर ती संपूर्ण प्रजातीसाठी असावी.

अधिसूचना दिल्लीत निघेल. पेटीतले नकोसे कासव मात्र कळंबमध्ये कोणाला द्यायचे, हे अनुत्तरित राहते. केरळच्या वनसंशोधन संस्थेने अशी कासवे आणून देण्याचे आवाहन केले आणि ती ठेवण्याची सोय उभी केली. विदर्भात जखमी वन्यजीवांसाठी नागपूरच्या सेमिनरी हिल्स येथे उपचार केंद्र आहे, शंभराहून अधिक किलोमीटर दूर. वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर देशी कासवासाठी माणूस येऊ शकेल. परंतु स्लायडर अनुसूचीतील वन्यजीव नाही, म्हणून तो वनखात्याचा नाही. गुरेढोरे नाही, म्हणून पशुसंवर्धन खात्याचा नाही. आणि मासा नाही, म्हणून मत्स्य खात्याचाही नाही. दुकानांच्या नोंदणीचे २०१८ चे नियम राज्य पशुकल्याण मंडळाच्या कक्षेत येतात. विक्रेत्याने विकलेले कासव परत घ्यावे, ही एक अट त्या नोंदणीला जोडली गेली, तर तीस वर्षांच्या जबाबदारीची किंमत विक्रीच्या दिवशीच ठरेल, आणि मग नाण्याएवढे पिल्लू आजच्या इतके स्वस्त राहणार नाही.