ड्रायरची मोटर आणि तीन वायरी

आषाढ लागला की घराघरांतल्या दोऱ्या ओल्या कपड्यांनी वाकतात. शाळेचा गणवेश सकाळी दमटच अंगावर चढतो. नेमक्या अशा दिवसांत सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा ड्रायर नुसताच गुणगुणून जागच्या जागी थबकतो आणि घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणते, जुने झाले, नवे घेऊ. कोणी म्हणते, मिस्त्रीला बोलवा. एखादी कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, मीच उघडून पाहते. तिला गप्प बसवू नये, असे मला वाटते. मात्र पाना हाती देण्याआधी चार गोष्टी तिच्याकडून वदवून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, दुखणे मोटरचेच आहे का? ही मोटर सिंगल फेजवर चालते आणि सुरू होण्यासाठी तिला कपॅसिटर लागतो. मिस्त्री मंडळी त्यालाच कंडेन्सर म्हणतात. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, आणि पिन काढून टब हाताने फिरवला तर सहज फिरतो, अशा वेळी आधी कपॅसिटर बदलून पाहावा. तो मोटरपेक्षा कितीतरी स्वस्त असतो. टब हातालाही अडत असेल, तर ब्रेक आणि बुश पाहावेत. जळका वास आला, तर बहुधा मोटरच गेली. पण ती का गेली? टबाखालचे रबरी सील झिजले की पाणी थेट मोटरवर ठिबकते. जुन्या सीलखाली नवी मोटर बसवणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी घालणे.

दुसरी गोष्ट जोडणीची. मोटरमधून साधारणपणे तीन वायरी निघतात. त्यांच्या रंगांवर विसंबू नये, कंपनीगणिक ते बदलतात. जुनी जोडणी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यावा. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. टेस्ट लॅम्पच्या तारा त्याच्या टोकांना लावून ती उतरवावी. मग मीटरने दोन-दोन वायरींमधला रोध मोजावा. ज्या जोडीत तो सर्वांत जास्त, त्या दोघींमध्ये कपॅसिटर येतो. उरलेली तिसरी ती कॉमन. त्या दोघींपैकी कॉमनशी कमी रोध दाखवणारी मुख्य वाइंडिंगची. वीज द्यायची ती कॉमनला आणि हिला. अदलाबदल झाली, तर मोटर उलटी फिरते आणि तापते.

तिसरी गोष्ट मी बँकेकडून घेतली आहे. तिथे नोंद एकाने करायची आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, अशी शिस्त असते. पिन खोचण्याआधी जाणत्या वायरमनकडून जोडणी आणि अर्थिंग तपासून घ्यावे. यात कमीपणा कसला?

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. झाकणाचा स्विच बिघडला की काही जण त्याच्या दोन वायरी एकत्र पिळून ‘डायरेक्ट’ करून देतात. ड्रायर फिरतो, सगळे खूश होतात. पण हा टब मिनिटाला १३००-१४०० फेरे घेतो. झाकण उघडताच वीज तुटावी आणि ब्रेक लागावा, ही व्यवस्था कपड्यांकडे कुतूहलाने हात नेणाऱ्या लहान मुलासाठीच तर आहे! हिरव्या वायरीचेही तेच. ‘अर्थिंग नसले तरी चालते’, असे सांगणारे भेटतात. चालते खरे, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या गृहिणीला झटका बसेपर्यंत.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला सहज मिळावेत, हा त्यामागचा हेतू. तो स्वागतार्हच आहे. पण हक्काबरोबर समजही हवी. जोडणीची आकृती आणि झाकणाच्या स्विचविषयीची सूचना कंपन्यांनी मशीनच्या पाठीवर ठळक, मराठीत छापावी, अशी मागणी आपण ग्राहकांनीच करायला हवी. चांगली यंत्रे एका भागापायी भंगारात जाणार नाहीत आणि घरातली मुलेही हाताने काही करायला शिकतील.

दुरुस्त झालेल्या ड्रायरची परीक्षा सोपी आहे. तो फिरत असताना झाकण उघडावे. टब लगेच थांबला, तरच काम पुरे झाले असे समजावे.