गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर काढा, आणि तेही दिवाळीच्या आत

थंडीची चाहूल लागली की प्लंबरचा फोन लागेनासा होतो. कुणाला नवा गिझर बसवायचा असतो, कुणाला जुना बदलायचा असतो, आणि अभ्यंगस्नानाच्या आत काम उरकायची घाई सगळ्यांनाच असते. या घाईत गिझर कुठे टांगायचा हे पाच मिनिटांत ठरून जातं. गिझर गॅसचा असेल तर त्या पाच मिनिटांवर घरातल्या माणसांचे जीव अवलंबून असतात. दर हिवाळ्यात आपल्या वर्तमानपत्रांत तीच बातमी येते: आंघोळीला गेलेली व्यक्ती बाहेर आली नाही, दार तोडलं, तोवर उशीर झाला होता. कधी तरुण जोडपं असतं, कधी शिकायला आलेली मुलगी. यातला जवळजवळ प्रत्येक मृत्यू टाळता येण्यासारखा होता.

म्हणून कळकळीची विनंती आहे. गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवू नका. आधीच बसवलेला असेल तर या आठवड्यात तो बाहेर काढून घ्या.

गिझरचा डबा भिंतीवर लहानसा दिसतो, त्यामुळे आतल्या आगीचा अंदाज येत नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण ज्योतीवर चालतो, तेव्हा स्वयंपाकघरातल्या शेगडीचे चार-पाच मोठे बर्नर एकदम पेटवल्याइतकी ती आग असते. तासाला पाऊण ते एक किलो गॅस जळतो, आणि एक किलो गॅस नीट जळायला साधारण 12 घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. म्हणजे दार-खिडकी बंद असेल तर पाव तासात त्या खोलीतली निम्म्याच्या आसपास हवा गिझरच ओढून घेतो. पुढे गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

‘गॅस असेल तर वास येईलच की’, हा समज सर्वांत घातक आहे. सिलिंडरमधल्या गॅसला वास असतो, कारण गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. आपण म्हणतो, वाफेने गरगरलं, पित्त झालं. कडी काढायला हात उचलावा, तर तेवढीही ताकद उरलेली नसते. तुमच्या घरात कुणाला फक्त आंघोळीच्या वेळीच चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना गॅस गिझर असल्याचं आवर्जून सांगा.

दिवाळीत धोका वाढतो, कारण पहाटे एकामागून एक आंघोळी होतात. गार वारा येतो म्हणून खिडकीच्या काचा मिटलेल्या असतात, कुठे जाळीला पुठ्ठाही लावलेला असतो. पहिल्याला काही होत नाही. तिसरा, चौथा माणूस आधीच दूषित झालेल्या हवेत जाऊन कडी लावतो. बऱ्याच गिझरना वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, पण नळ बंद करून पुन्हा सोडला की तो वेळ पहिल्यापासून मोजला जातो. सेन्सर आहे, एक्झॉस्ट पंखा आहे, असं दुकानदार सांगेल. असू द्या. त्याने जागा बदलत नाही.

जागा कोणती? ड्राय बाल्कनी, उघडी गॅलरी, बाहेरची मोकळी भिंत. तिथे गिझर आणि सिलिंडर ठेवायचा, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा. प्लंबरला हे ठाऊक असतं. पण पंधरा-वीस फूट पाइप, भिंतीला एक भोक आणि थोडी जास्त मजुरी म्हटलं की आपणच म्हणतो, ‘दादा, इथेच आत लावून टाका ना.’ हे वाक्य यंदा कुणीही उच्चारू नये. प्लंबर बंधूंनो, तुम्हालाही हात जोडून सांगणं आहे: गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी बाथरूमच्या आत गॅस गिझर बसवायला साफ नकार द्या. तुमच्यानंतर त्या घरात हे सांगणारं जाणकार माणूस येणार नाही. पाइप गॅस असेल तर त्या जोडणीला गॅस कंपनीच्या माणसाशिवाय कुणी हात लावू नये.

बाहेर जागाच नसेल तर गॅसचा नाद सोडून विजेचा गिझर घ्या. तिथेही प्लंबरने पाइपापुरतं काम करावं. वायरिंग आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या, 16 अँपिअरचं सॉकेट आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. साठवणीच्या गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून काही जण त्याचं तोंड बुजवून टाकतात. ते कधीही करू देऊ नका. आतला दाब बाहेर पडायची ती वाट आहे. फार ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह बदला. इमारत उंच असेल तर पाण्याचा दाब सांगून, तो झेपणाराच गिझर मागा.

घरमालकांनो, भाड्याच्या खोल्यांमध्ये आणि पीजीमध्ये स्वस्त पडतो म्हणून आत टांगलेला गिझर तुमच्या जबाबदारीचा आहे. भाडेकरू मुलं तक्रार करणार नाहीत, त्यांना धोका माहीतच नसतो. सोसायटीच्या सचिवांनी येत्या रविवारी घरोघरी जाऊन एवढंच विचारावं: गिझर गॅसचा आहे का, आणि कुठे आहे?

बाथरूममध्ये कुणी हाकेला ओ देत नसेल तर वाट पाहू नका. गॅसचा रेग्युलेटर बंद करा, दार तोडा, खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा. तुम्ही स्वतः आत रेंगाळू नका. लगेच 108 वर रुग्णवाहिका बोलवा आणि ‘गॅस गिझर होता’ हे शब्द डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण उपचार ऑक्सिजनचा आहे आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा नॉर्मल दाखवू शकतो. माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच.

प्लंबरला आजच फोन करा. तो म्हणेल, दिवाळीनंतर येतो. हरकत नाही, नंतरची तारीख घ्या. पण तोवर त्या गिझरचा रेग्युलेटर काढून ठेवा आणि आंघोळीचं पाणी स्वयंपाकघरात पातेल्यात तापवा.